दुपारी चारचं शटर : पुण्यातली छोटी हॉटेलं आणि २०२१ चा अर्धवट अनलॉक

लॉकडाऊनने छोटे धंदे बुडवले, असं आपण सरसकट म्हणतो. पुण्यातल्या पेठांमधल्या, कोथरूड-कर्वेनगरातल्या लहान हॉटेलांचा हिशेब मांडायला बसलं की चित्र जरा वेगळं दिसतं. पूर्ण बंदचे महिने वाईट होतेच. पण अनेकांचं कंबरडं मोडलं ते शटर वर करायची परवानगी मिळाल्यावर, कारण ती परवानगी दुपारी चारपर्यंतची होती. ७ जून ते ९ ऑगस्ट २०२१ या नऊ आठवड्यांत पुण्यातल्या हॉटेलांची वेळ चारची दहा झाली, दहाची पुन्हा चार झाली आणि शेवटी पुन्हा दहा झाली. हे प्रकरण त्या नऊ आठवड्यांचं आहे.

डोळ्यासमोर ठेवायचं हॉटेल असं : चाळीसेक खुर्च्या, जागा भाड्याची, गल्ल्यावर मालक किंवा मालकीणबाई स्वतः. सकाळी पोहे, उपमा, इडली, दुपारी थाळी, संध्याकाळी चहा-भजी, रात्री जेवण. दारूचा परवाना नाही. आठ-नऊ माणसं कामाला, त्यातली निम्मी वरच्या माळ्यावर किंवा मागच्या खोलीत राहणारी. पुण्यात अशी हॉटेलं गल्लोगल्ली आहेत. त्यांची मोठी संघटना नसते, वर्तमानपत्रात त्यांचा फोटो येत नाही आणि बंद पडली तर पाटी बदलते, एवढंच.

मागचं थोडक्यात. मार्च २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात बसून खाणं बंद झालं ते ५ ऑक्टोबरला ५० टक्के क्षमतेने सुरू झालं. मधल्या काळात टाळेबंदी उठवायचं राज्याचं ‘मिशन बिगिन अगेन’ टप्प्याटप्प्याने चालू होतं. ५ जून २०२० पासून दुकानं सम-विषम तारखांना उघडत होती, रस्त्याची एक बाजू आज तर दुसरी उद्या. कापड दुकानात कपडे घालून बघायला आणि बदलून द्यायला मनाई होती. जुलैमध्ये पुणे १४ ते २३ तारखेपर्यंत पुन्हा कडकडीत बंद झालं. हॉटेलांना या सगळ्यात पार्सलवर भागवावं लागलं. ऑक्टोबरनंतर धंदा हळूहळू वर येत होता. दुसरी लाट आली आणि ३ एप्रिल २०२१ पासून पुण्यात बसून खाणं पुन्हा बंद झालं. त्यानंतरच्या राज्यव्यापी ‘ब्रेक द चेन’ निर्बंधांमध्ये ते जूनपर्यंत बंदच राहिलं. एप्रिलमध्ये शहरात ऑक्सिजनचा बेड मिळवायला माणसं रात्र-रात्र फोन करत होती. त्या बंदीबद्दल कुठल्याही शहाण्या हॉटेलवाल्याची तक्रार नव्हती, माझीही नाही.

४ जून २०२१ च्या रात्री राज्य सरकारने पाच स्तरांचा आदेश काढला. जिल्ह्याचा किंवा मोठ्या महापालिकेचा आठवड्याचा बाधितांचा दर (तपासलेल्यांपैकी किती टक्के बाधित निघाले तो) आणि भरलेले ऑक्सिजन बेड या दोन आकड्यांवरून स्तर ठरणार होता. दर पाच टक्क्यांच्या आत आणि बेड २५ टक्क्यांहून कमी भरलेले असतील तर पहिला स्तर, म्हणजे जवळपास सगळं खुलं. बेड २५ ते ४० टक्के भरलेले असतील तर दुसरा. दर पाच ते दहाच्या दरम्यान असेल किंवा बेड ४० टक्क्यांच्या वर गेले असतील तर तिसरा. तिसऱ्या स्तरात हॉटेलात सोमवार ते शुक्रवार दुपारी चारपर्यंत निम्म्या खुर्च्यांवर बसून खाता येईल, त्यानंतर आणि शनिवार-रविवारी फक्त पार्सल.

कल्पना म्हणून हा आदेश मला आजही चांगला वाटतो. आधीच्या वर्षभरात काय उघडणार आणि कधी, हे पत्रकार परिषद होईपर्यंत कळत नसे. इथे पहिल्यांदाच आकडा समोर होता आणि आकडा खाली आणला तर काय मिळणार, हे लिहून दिलेलं होतं. हॉटेलवाला सकाळी पेपर उघडून बाधितांचा दर पाहू लागला.

पुणे शहर ७ जूनला तिसऱ्या स्तरात सुरू झालं. आठवडाभरात दर पाचच्या खाली आला आणि १४ जूनपासून दुकानं संध्याकाळी सातपर्यंत, हॉटेलं रात्री दहापर्यंत खुली झाली. मग डेल्टा प्लस या करोनाच्या नव्या प्रकाराची बातमी आली. २५ जूनला राज्याने नवा आदेश काढला : आकडे काहीही असोत, कोणत्याही जिल्ह्याला तिसऱ्या स्तरापेक्षा जास्त मोकळीक मिळणार नाही. २८ जूनपासून पुण्यात पुन्हा चार वाजता शटर. ज्या आकड्यावर डोळे लावून बसायला सांगितलं होतं, तो आकडाच निरुपयोगी ठरला. त्या दोन आठवड्यांनी काय केलं हे पुढे कामगारांच्या संदर्भात येईलच.

आता हिशेब. पुढचे आकडे कुणा एका हॉटेलाचे नाहीत; गणित कळावं म्हणून धरलेले आहेत. ज्याचं हॉटेल आहे त्याने आपले घालून पाहावेत, उत्तराचा कल फारसा बदलणार नाही.

महामारीपूर्वीचा साधारण दिवस धरा : गल्ला २४,००० रुपये. त्यात सकाळचा नाश्ता ५,०००, दुपारचं जेवण ७,०००, संध्याकाळचा चहा-खाणं ३,००० आणि रात्रीचं जेवण ९,०००. म्हणजे निम्मा गल्ला चारनंतरचा. किराणा, भाजी, दूध, गॅस यांत ४५ टक्के जातात, हातात १३,२०० उरतात. भाडं रोजचं ३,००० पडतं, पगार आणि कामगारांचं जेवणखाण ६,०००, वीज-परवाने-किरकोळ १,०००. असे दहा हजार गेले की ३,२०० राहतात. त्यात मालकाचं घर आणि कर्जाचा हप्ता.

पूर्ण बंद असताना : भाडं ३,०००, गावी न गेलेल्या कामगारांचा अर्धा पगार आणि जेवण २,०००, विजेचं किमान बिल ३००. दिवसाला ५,३०० आणि आठवड्याला ३७,१०० रुपये खिशातून.

आता चारपर्यंत उघडं. नाश्ता आणि दुपारचं जेवण मिळून पूर्वी १२,००० व्हायचे. निम्म्या खुर्च्या आणि घरून काम करणारं ऑफिस धरून त्यातले ६,६०० आले म्हणू. संध्याकाळच्या पार्सलचे २,४००. एकूण ९,०००. गिऱ्हाईक किती येईल याचा अंदाज लागत नाही, माल वाया जातो, म्हणून मालाचा खर्च ४५ वरून ५० टक्क्यांवर जातो. उरले ४,५००. पार्सलचे डबे आणि ॲपचं कमिशन मिळून ७२०. उरले ३,७८०. खर्चाच्या बाजूला भाडं पूर्ण ३,०००, सात माणसं तरी लागतातच म्हणून ४,७००, वीज वगैरे ९००. झाले ८,६००. रोजचा तोटा ४,८२०. शनिवार-रविवारी फक्त पार्सल : ३,५०० चा धंदा, माल, डबे आणि कमिशन जाऊन ७०० उरतात, रोजचा तोटा ७,९००. आठवड्याची बेरीज ३९,९०० रुपये तोटा.

बंद असताना ३७,१००, उघडं असताना ३९,९००.

याच हॉटेलाला निम्म्या खुर्च्यांवरच, पण रात्री दहापर्यंत चालू द्या. रात्रीचा आणि संध्याकाळचा मिळून ७,२०० चा गल्ला वाढतो, पार्सल थोडं घटून १,५०० वर येतं, माल वाया जाणं थांबतं, सगळी माणसं कामावर येतात. तरी रोजचा तोटा दोन हजारांच्या आसपास उतरतो. तोटा आहेच, पण दागिने गहाण ठेवून सहा महिने काढता येतील असा.

मग चारच्या मर्यादेत लोकांनी हॉटेलं उघडली का? बंद का ठेवली नाहीत? हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि त्याचं उत्तर या प्रकरणाच्या मुळाशी आहे. बंद हॉटेलाला जग सवलत देतं. जागामालक म्हणतो, बघू, सावकाश द्या. दूधवाला मागची उधारी काढत नाही. कामगार अर्ध्या पगारावर गावी थांबतो. शटर वर गेलं की ही सगळी सवलत एका सकाळी संपते. तुम्ही उघडलंय ना, मग भाडं पूर्ण. तुम्ही उघडलंय ना, मग मागचं बिल चुकतं करा. आदेशात ‘परवानगी’ असा शब्द आला की बाकी सगळ्यांच्या लेखी तो माणूस कमावता झाला. आणि तरीही बंद ठेवलं तर स्वयंपाकी दुसरीकडे जातो आणि नेहमीचं गिऱ्हाईक शेजारच्या हॉटेलात बसायला शिकतं. उघडलं तरी मरण, नाही उघडलं तरी मरण.

स्वयंपाकघराचं घड्याळही वेगळं चालतं. इडलीचं पीठ आदल्या दुपारी भिजवून रात्री वाटावं लागतं. थाळीची डाळ आणि उसळ सकाळी नऊपर्यंत चुलीवर चढलेली असते. पूर्वी दुपारी उरलेली उसळ रात्रीच्या मिसळीत किंवा ताटात खपायची, उकडलेले बटाटे संध्याकाळच्या वड्यात जायचे. छोट्या हॉटेलाचा सगळा नफा या फिरवाफिरवीत असतो, कारण दुपारचा उरलेला माल रात्रीची कमाई होतो. चार वाजता दिवस तोडला की ती साखळीच तुटते. तीन वाजता उरलेली भाजी कामगारांना वाढायची नाहीतर टाकायची. त्यात ते वर्ष खाद्यतेलाच्या भडकलेल्या भावाचं, आणि व्यापारी सिलिंडरही वर्षभर चढत गेलेला.

पार्सलने भरून निघेल, असं बाहेरून वाटे. पिझ्झा किंवा बिर्याणीचं पार्सल होतं. थाळीचं होत नाही. आमटी सांडते, भाकरी चामट होते, पापड मऊ पडतो, आणि ताटात दोनदा वाढून घेण्यातली मजा तर डब्यात येतच नाही. शिवाय दिडशेच्या थाळीवर डबे आणि कमिशन गेल्यावर उरतं काय? सदाशिव पेठ, नवी पेठ भागातल्या खाणावळींची अवस्था याहून बिकट. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे महिन्याचे पैसे आगाऊ भरणारी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं. ११ मार्च २०२१ ला राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ऐन तोंडावर पुढे ढकलली तेव्हा हीच मुलं रस्त्यावर उतरली होती. एप्रिलमध्ये ती गावी गेली आणि अभ्यासिका बंद होत्या तोवर परतायचं कारणच नव्हतं. त्या खाणावळींना चार काय आणि दहा काय, ताटावर बसायला माणूसच नव्हतं. म्हणजे ‘हॉटेल’ या एका नोंदीखाली दोन पूर्ण वेगळे आजार होते.

कामगारांचं पाहू. छोट्या हॉटेलातला स्वयंपाकी, तंदूरवाला, वाढपी बहुतेक बाहेरगावचा : मराठवाडा, कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार, नेपाळ. पहिल्या लाटेत गेलेली माणसं परत आणायला मालकांनी तिकिटं काढली होती, उचल दिली होती. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा गेली. १४ जूनला दहापर्यंत परवानगी मिळाली, म्हणून मालकांनी पुन्हा फोन फिरवले. पुन्हा तिकिटं, पुन्हा उचल. माणूस गाडीत बसून इथे पोचतो, दोन-चार दिवस हात बसवतो, तोवर २८ जून. आता त्याला सांगायचं काय? परत पाठवलं तर उचल बुडाली आणि तो पुन्हा येणार नाही. ठेवला तर चारनंतर तो माळ्यावर बसून. बहुतेकांनी ठेवला. त्याची किंमत वरच्या हिशेबात कुठेच धरलेली नाही.

नियम कडक असणं एकवेळ परवडतं. कडक नियम आठवड्यात सैल होऊन दोन आठवड्यांत पुन्हा आवळला जाणं छोट्याला परवडत नाही, कारण प्रत्येक बदलाला त्याला रोख पैसे मोजावे लागतात : किराण्याचा नवा भरणा, गॅस, उचल. मोठ्या साखळी रेस्टॉरंटकडे त्यासाठी बँकेची कॅश क्रेडिट असते. याच्याकडे भिशी असते.

कर्जाचंही तसंच झालं. केंद्राची तीन लाख कोटींची आपत्कालीन कर्जहमी योजना मे २०२० मध्ये आली ती २९ फेब्रुवारी २०२० ला शिल्लक असलेल्या कर्जाच्या २० टक्के नवं कर्ज देणारी. हॉटेल क्षेत्रासाठी मार्च २०२१ च्या शेवटी ती मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत वाढवली. चांगली योजना, पण तिचा पाया जुनं बँक-कर्ज हा. ज्याने पतसंस्थेकडून, नातेवाइकांकडून किंवा सोनं ठेवून धंदा उभा केला, त्याच्या शून्याचे ४० टक्के शून्यच. ४ जून २०२१ ला, म्हणजे ज्या दिवशी स्तरांचा आदेश निघाला त्याच दिवशी, रिझर्व्ह बँकेने हॉटेलं, ब्यूटी पार्लर, सलून अशा माणसाशी माणसाचा संबंध येणाऱ्या धंद्यांना कर्ज मिळावं म्हणून १५,००० कोटींची खिडकी उघडली. तीही बँकांमार्फतच. दुसऱ्या टोकाला, एप्रिल २०२१ च्या राज्याच्या मदतीत नोंदणीकृत फेरीवाल्याला १,५०० रुपये होते. रक्कम तुटपुंजी, पण निदान यादीत त्याचं नाव होतं. चाळीस खुर्च्यांचं हॉटेल फेरीवाला नव्हतं आणि बँकेचं गिऱ्हाईकही नव्हतं. मधल्या मधे राहिलं.

भाड्यात कायद्याचा आधार मिळेल अशी पुष्कळांची आशा होती. मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की करारात तशी तरतूद नसेल तर केवळ लॉकडाऊनमुळे भाडं थांबत नाही. हप्ते थोडे पुढे-मागे होऊ शकतात एवढंच. निकाल दिल्लीचा, पण पुण्यातल्या जागामालकांच्या वकिलांनाही तो पाठ झाला. त्यात भाड्यावरचा जीएसटी. जागामालक नोंदणीकृत असेल तर भाड्यावर १८ टक्के कर लागतो, आणि ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या हॉटेलाला त्याची वजावट मिळत नाही. दुपारी चारला बंद होणाऱ्या जागेचं भाडंही चोवीस तासांचं आणि त्यावरचा करही चोवीस तासांचा.

आरोग्याची बाजू लहान करून चालणार नाही. हॉटेलात मास्क काढावाच लागतो, जागा कोंदट असते, रात्री लोक रेंगाळतात. पोलिसांनाही एकच वेळ सोपी : चार वाजले, शिट्टी वाजली, गल्ली मोकळी. पण चारची वेळ दुकानाच्या घड्याळावरून काढलेली होती. किराणा दुकानाचं गिऱ्हाईक सकाळी सरकवता येतं. रात्रीचं जेवण दुपारी सरकवता येत नाही. उलट जे होतं ते गिऱ्हाईक बारा ते तीनमध्ये कोंबलं गेलं. निम्म्या खुर्च्यांची अट कायम ठेवून, खिडक्या उघड्या ठेवायची सक्ती करून, दिवसाचे आठ तास हॉटेलवाल्याला निवडू दिले असते, तर नाश्तावाल्याने सकाळ घेतली असती, जेवणवाल्याने संध्याकाळ. परवान्याच्या पाटीशेजारी ती वेळ लावायची, पोलिसांनी तीच तपासायची. हे अवघड नव्हतं. तसा विचार झाला नाही, कारण आदेश लिहिणाऱ्यांसमोर सगळ्या धंद्यांचा एकच रकाना होता.

२ ऑगस्टच्या राज्याच्या आदेशात २२ जिल्ह्यांतली दुकानं रात्री आठपर्यंत खुली झाली, मुंबई-ठाण्याचा निर्णय तिथल्या प्रशासनावर सोपवला. पुणे उरलेल्या ११ जिल्ह्यांत राहिलं, कारण मोजमाप जिल्ह्याचं होतं. शहराचा दर खाली असला तरी ग्रामीण भागाचा वर होता. आणि मोकळीक मिळालेल्या जिल्ह्यांतही हॉटेलं चारलाच बंद. मुंबईत दुकानं रात्री दहापर्यंत आणि हॉटेलं दुपारी चारपर्यंत, अशी स्थिती आली. पुण्यात व्यापाऱ्यांनी घंटानाद केला, संध्याकाळी सातपर्यंत दुकानं उघडी ठेवायचं जाहीर केलं. ८ ऑगस्टला पालकमंत्री अजित पवार यांनी शिथिलता जाहीर केली आणि ९ तारखेपासून हॉटेलं ५० टक्के क्षमतेने रात्री दहापर्यंत सुरू झाली. त्याच वेळी सांगितलं गेलं की बाधितांचा दर सात टक्क्यांच्या वर गेला तर निर्बंध परत येतील. हे वाक्य छोट्याला फार मोलाचं होतं. कधी बंद होणार हे माहीत असेल तर माल किती भरायचा हे ठरवता येतं.

१५ ऑगस्टपासून लागू झालेल्या राज्याच्या आदेशात मात्र नवी अट आली : हॉटेलातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याचे दोन्ही डोस झालेले असावेत आणि दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस गेलेले असावेत. हेतू रास्त. पण तारखा जुळवून पाहा. १८ वर्षांपुढच्या सगळ्यांना देशभर मोफत लस २१ जूनपासून सुरू झाली. त्याआधी, मे महिन्यात, तरुणांचं लसीकरण तुटवड्यामुळे महाराष्ट्राने थांबवलं होतं. कोव्हिशील्डच्या दोन डोसांत किमान ८४ दिवसांचं अंतर मे महिन्यातच सक्तीचं झालं होतं. म्हणजे पंचवीस वर्षांच्या वाढप्याने पहिल्याच दिवशी रांग लावून कोव्हिशील्ड घेतली असती, तरी दुसरा डोस १३ सप्टेंबरच्या आधी नाही आणि १४ दिवस धरून तो पात्र होणार २७ सप्टेंबरला. १५ ऑगस्टची अट त्याला पाळणं शक्यच नव्हतं. हॉटेलात वाढपी-स्वयंपाकी तरुणच असतात. या अटीची किती ठिकाणी अंमलबजावणी झाली हा वेगळा भाग. ती न पाळता रोज उघडणारा माणूस मनात दंडाची धास्ती घेऊन गल्ल्यावर बसत होता, आणि ती धास्ती वसूल करणारे हात कमी नव्हते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढली, ओमायक्रॉनमुळे जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा दहावर आली, आणि एप्रिलमध्ये गुढीपाडव्याच्या सुमारास सगळे निर्बंध उठले. तोवर जागा स्वतःची असलेली हॉटेलं बहुतेक टिकली होती. भाड्याची, त्यातही थकबाकी डिपॉझिटमधून वळती झालेली, हात बदलून गेली.

आज नव्याने जागा घेणाऱ्याला माझं एकच सांगणं असतं. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात आता महामारीचं कलम टाकून मिळतं, पण ‘शासनाने व्यवसाय बंद ठेवण्यास सांगितल्यास’ एवढ्यावर सही करू नका. बसून खाण्याचे तास किंवा खुर्च्या कमी केल्या, तर त्या प्रमाणात भाडं कमी होईल, आणि किती टक्क्यांनी, हे आकड्यात लिहून घ्या.